चार बोटं दोरा

१

माझ्या बॅगेच्या अस्तराखालून हिऱ्यांची पुडी निघाली, तेव्हा मी मुलाच्या शर्टांच्या घड्या घालत होते. तपासणाऱ्या साहेबाने तिन्ही शर्ट उलगडून टेबलावर टाकले होते. माझ्या हातचे नवेकोरे शर्ट, त्यांची ती दशा मला बघवेना. त्यामुळे बॅगेच्या तळावरून फिरणारा त्याचा हात मध्येच थांबला, त्याने ब्लेड काढलं आणि अस्तर चरकन चिरलं, हे मला कळलं ते आवाजाने.

काळ्या कापडाची, मुठीत मावेल एवढी पुडी. त्याने ती कागदावर उलटी केली.

"हे काय आहे, मावशी?"

"खडे दिसतायत," मी म्हणाले.

"खडे कुणी अस्तरात शिवून आणतं का?"

मी खाली वाकून पाहिलं. चाळीस वर्षं लोकांच्या ब्लाउजला टिकल्या, मणी, काचा लावल्यात. काच कशी चमकते ते मला ठाऊक आहे. हे तसं चमकत नव्हतं. हातातला शर्ट खाली पडला.

खरं तर मी तिथे जायलाच नको होतं. विमानातून उतरल्यावर बाहेर पडायला दोन दारं होती. जाहीर करण्यासारखं काही नसेल तर हिरवं, असेल तर लाल. विमानात दिलेल्या पत्रकात लिहिलं होतं की नवीन, न वापरलेल्या वस्तू असतील तर लाल दारातून यावं. माझ्याकडे तीन नवे शर्ट होते. सगळं विमान हिरव्या दारातून केव्हाच निघून गेलं होतं आणि लाल दारात मी एकटी. जन्मात पहिल्यांदा परदेशात पाऊल टाकलेलं, तिथले लोक आपली भाषा बोलतात तेवढाच आधार, जिथे तिथे चूक होईल म्हणून जीव मुठीत धरलेला. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो तिथे कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बसला होता.

२

मला ज्या खोलीत नेलं तिला खिडकी नव्हती. एक लोखंडी टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवर घड्याळ. त्यात अडीच वाजले होते. माझी बॅग टेबलावर आ वासून पडली होती. समोर तो तरुण साहेब. मनातल्या मनात मी त्याचं नाव इस्त्री ठेवलं. त्याच्या बाहीवरची घडी इतकी धारदार होती की बोट कापलं असतं.

"बॅग कोणाची?"

"माझी."

"कुठून घेतली?"

"बाजारातून."

"कुणी काही ठेवायला दिलं होतं? कुणी बॅग दिली होती?"

"नाही. बॅग माझी, सामान माझं, भरलं मी."

यातलं बॅगेबद्दलचं सगळं खोटं होतं. बॅग माझ्या मुलाने पाठवली होती. सहा वर्षं तो या देशात बस चालवतोय. महिन्यापूर्वी त्याचा मित्र गावी आला तेव्हा त्याने ही बॅग आणून दिली. मुलगा फोनवर दोनदा म्हणाला होता, "आई, हीच बॅग आण. दुसरी आणू नकोस." तेव्हा मला त्यात काही वाटलं नव्हतं. आता त्या खोलीत बसून ते वाक्य माझ्या डोक्यात घणासारखं वाजत होतं. हीच बॅग का?

अस्तर एका कडेला उसवलं होतं, ते मी निघण्याच्या आदल्या दिवशी शिवलं. आत हात घालून मी पाहिलं नव्हतं. कशाला पाहीन? अस्तराखाली बॅगच असते. पण आत आधीपासूनच काही असेल तर? आणि ते मुलाने ठेवलं असेल तर? माझा मुलगा असं करणार नाही, असं छातीठोक सांगावंसं वाटत होतं, पण सहा वर्षांत माणसाचं काय होतं ते फोनवर थोडंच दिसतं?

इस्त्रीने माझा शिवणाचा डबा उघडला. तपकिरी दोऱ्याचं रिळ काढून अस्तराच्या शिलाईशेजारी धरलं. रंग तोच.

"अस्तर कोणी शिवलं?"

"मी."

"झालं तर मग." त्याने पेनाचं टोपण लावलं. "इथला कायदा तुम्हाला माहीत नसेल. याला दहा वर्षांच्या खाली शिक्षा नाही. चार वाजता पोलिसांची गाडी येते."

मी एकोणसाठ वर्षांची आहे. बेरीज करायला बोटं लागली नाहीत.

३

तीनला दहा कमी असताना एक अधिकारी बाई आल्या. पिकलेले केस, जाड भिंगाचा चष्मा, आणि त्या आत येताच इस्त्री शाळेतल्या पोरासारखा उठून उभा राहिला. मी त्यांना मोठ्या बाई म्हणायचं ठरवलं. शाळेत मुख्याध्यापिकेला म्हणायचो तसं.

हिऱ्यांकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसल्या.

"तुम्ही लाल दारातून का आलात?"

"तीन शर्ट नवे आहेत," मी म्हणाले. आणि मला रडू फुटलं.

"मॅडम, ती युक्ती असते," इस्त्री म्हणाला. "साळसूद दिसायचं."

"वीस वर्षांत शर्ट दाखवायला आलेलं माणूस मी पाहिलं नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "ज्याच्या बॅगेत हिरे आहेत तो, दार उघडं असताना, ब्लेडवाल्याकडे चालत येईल होय? बरं मावशी, विमानातून उतरल्यापासून काय काय झालं, सांगा. घाई करू नका."

घाई करू नका म्हणे. घड्याळाचा काटा काय माझ्यासाठी थांबणार होता? मी सांगितलं. सामानाच्या पट्ट्यापाशी उभी राहिले. सगळ्यांच्या बॅगा आल्या, माझी येईना. पट्टा बंद झाला, पुन्हा सुरू झाला. जवळजवळ तासाने बॅग आली, एकटीच.

"तासाने?"

"हो. हरवली म्हणून मी देव पाण्यात घालून बसले होते. मग एका हमालाने ती उचलून दिली. मी तोंड धुवायला गेले तेव्हा पाच मिनिटं तो बॅगेपाशी उभा होता."

"बॅगेला कुलूप होतं?"

"हे काय, छोटं. किल्ली माझ्या गळ्यात." मी साखळी दाखवली. कुलपावर ओरखडासुद्धा नव्हता. ते इस्त्रीसमोर मीच उघडून दिलं होतं.

मोठ्या बाईंनी बॅगेच्या मुठीला बांधलेली चिठ्ठी चष्म्याजवळ नेली. त्यावर मुलाचं नाव, त्याच्या खोलीचा पत्ता आणि फोन होता. अक्षर त्याचंच.

"हे कोण?"

मी चिठ्ठीवर हात ठेवून ती झाकली.

"मुलगा दिसतोय. तुम्हाला न्यायला बाहेर आला असेल ना?" त्या उठल्या. "त्याला आत बोलवा."

४

दोघं बाहेर गेले आणि मी एकटी उरले. कर नाही त्याला डर कशाला, असं ज्याने म्हटलं तो अशा खोलीत कधी बसला नसणार. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

दार उघडलं. पन्नाशीचे एक गृहस्थ पाण्याचा पेला घेऊन आत आले. मघाशी येता-जाता सगळे त्यांना काका म्हणत होते. जप्त केलेल्या मालाचं गोदाम त्यांच्याकडे असतं, असं त्यांनीच सांगितलं. चेहरा असा प्रेमळ की मला माझा थोरला भाऊ आठवला.

"प्या, मावशी. घसा कोरडा पडला असेल." ते हळूच म्हणाले, "एक सांगू? पोराने बॅग दिली असेल तर सांगून टाका. तुम्ही सुटाल. तो तरुण आहे, सहन करेल. या वयात तुम्ही कशाला आत जाता?"

मी पेला तोंडाला लावला आणि क्षणभर, देवाशपथ खरं सांगते, क्षणभर माझ्या मनात आलं, सांगून टाकावं. त्या क्षणाची मला अजून लाज वाटते.

"पोराचा काही संबंध नाही," मी म्हणाले.

काकांनी उसासा टाकला आणि बॅगेचं झाकण लावायला घेतलं. "जप्तीचा माल आहे, गोदामात न्यायला हवा. इथे राहून उपयोग नाही."

"बॅग इथेच राहू दे, काका." मोठ्या बाई दारात उभ्या होत्या. त्यांच्या मागे माझा मुलगा.

सहा वर्षांनी मी त्याला पाहत होते. केस विरळ झालेत, गाल बसलेत. तो माझ्याकडे आला नाही. त्याने बॅगेकडे पाहिलं, फाटलेल्या अस्तराकडे, कागदावरच्या खड्यांकडे. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मग कुणी काही विचारायच्या आत तो म्हणाला, "ही बॅग माझी आहे. मी पाठवली होती. जे काही सापडलंय ते माझ्या बॅगेत सापडलंय. आईला सोडा."

घड्याळात सव्वातीन झाले होते. मी डोळे मिटले. म्हणजे खरंच होतं तर.

५

"मावशी, तुम्ही खोटं बोललात," मोठ्या बाई म्हणाल्या.

मी मान खाली घातली.

"बॅग मुलाची होती आणि तुम्ही ती स्वतःवर घेतली. का? कारण हे त्याने केलंय असं तुम्हाला वाटलं. हो ना?"

मी मुलाकडे पाहू शकले नाही. मान हलवली.

"मग मला एक गोष्ट नक्की कळली. हिरे कोणी ठेवले हे तुम्हाला माहीत नाही. माहीत असतं तर संशय कशाला आला असता? चोरी करणाऱ्याला चोर शोधावा लागत नाही." त्या इस्त्रीकडे वळल्या. "आणि हा मुलगा. चोर असता तर आधी बॅग झटकली असती. हा दारात पाय ठेवताच माझी म्हणून मोकळा झाला. याच्या मनात पाप नाही."

"मॅडम, मन सोडा," इस्त्री कुरकुरला. "अस्तर मावशींच्या दोऱ्याने शिवलंय. त्यांनी कबूल केलंय."

"तेच बघायचंय. मावशी, इकडे या. तुमची शिलाई मला दाखवा."

मी उठले. अडीच वाजल्यापासून बॅग माझ्यासमोर होती, पण भीतीने मी तिच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. इस्त्रीने कापड मध्येच चिरलं होतं, कडेची शिलाई शाबूत होती. मी चष्मा लावला, वाकले, आणि वाकलेलीच राहिले.

"ही माझी नाही."

"काय?"

"दोरा माझा आहे. शिलाई माझी नाही. मी उलटी टीप घातली होती, बारीक, मशीनसारखी. हा नुसता धावदोरा आहे, तोही कसा ढेंगा टाकत गेलाय. माझे टाके उसवून कुणीतरी पुन्हा शिवलंय." माझा आवाज मला ओळखू येईना. भीतीच्या जागी राग आला होता. "आणि हे बघा. दोन्ही टोकांना चार चार बोटं दोरा लोंबतोय! गाठ मारायची आणि दोरा तोडायचा, हे माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुली पहिल्या दिवशी शिकतात. असा दोरा कुणी शिवणारी सोडत नाही. सोडायचं कारणच काय?"

माझं रिळही मी पाहिलं. दोऱ्याचं टोक मी नेहमी रिळाच्या खाचेत अडकवते, ते सुटून डब्यात गुंतलं होतं. म्हणजे निघताना मी बॅगेला कुलूप लावलं, त्यानंतर कुणीतरी ती उघडली होती, माझाच डबा वापरला होता आणि पुन्हा कुलूप लावलं होतं. म्हणजे माझा मुलगा नव्हे! छातीवरचा धोंडा बाजूला झाला आणि मी खुर्चीत बसकण मारली.

मोठ्या बाई मात्र त्या लोंबत्या दोऱ्याकडे एकटक बघत होत्या. मग त्यांनी हळूच विचारलं, "एवढी शिलाई घालायला किती वेळ लागतो?"

"उसवून, आत ठेवून, परत घालायची? मला वीस मिनिटं. सवय नसलेल्याला अर्धा तास तरी."

"इस्त्री..." त्या म्हणाल्या नाहीत अर्थात, त्याला त्याच्या हुद्द्याने हाक मारली. "दाराशी उभा राहा. या खोलीतून कुणालाही बाहेर सोडू नकोस."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की काका अजून खोलीतच होते. पेला हातात धरून, भिंतीला टेकून.

६

मोठ्या बाई स्वतः गोदामात जाऊन दोन गोष्टी घेऊन आल्या, तोवर साडेतीन झाले. एक होतं कापडात शिवलेलं पार्सल, दुसरी तशीच शिवलेली छोटी थैली. दोन्ही टेबलावर ठेवून त्यांनी मला जवळ बोलावलं. दोन्हींवर ढेंगा टाकणारा धावदोरा होता. दोन्ही टोकांना चार चार बोटं दोरा सोडलेला, आणि त्या दोन टोकांना मिळून शिशाचं सील दाबलेलं.

"मावशी, तुम्ही विचारलंत ना, सोडायचं कारण काय? आमच्याकडे जप्त केलेला माल शिवला की दोरा असा सोडतात, सील लावायला. हे शिवणारा इथे एकच माणूस आहे. बावीस वर्षं तो हेच करतोय. हात आपोआप थांबतो, डोकं लावावं लागत नाही."

काका हसले. "मॅडम, दोरा काय, कुणीही सोडेल."

"हमालाकडे पाच मिनिटं होती. त्यात ही शिलाई होत नाही आणि त्याच्याकडे किल्लीही नाही. हा साहेब दुपारपासून हॉलमध्ये शंभर लोकांसमोर होता. पट्ट्यावर यायच्या आधी बॅग तासभर मागच्या खोलीत होती, तुमच्या गोदामाला लागून. प्रवाशांची कुलपं उघडायच्या किल्ल्यांचा जुडगा तिथेच असतो."

"पण काका कशाला हिरे बॅगेत घालतील?" इस्त्रीने विचारलं. त्याच्या शर्टाची पाठ घामाने चिकटली होती. "बाहेरून आणलेले हिरे..."

"बाहेरून आणले म्हणून कोणी सांगितलं? आपण बॅगेत पाहिले आणि बॅग विमानातून आली, एवढंच." मोठ्या बाईंनी कात्री घेतली. "गेल्या वर्षी एका व्यापाऱ्याकडून जप्त केलेले हिरे या थैलीत आहेत. कागदोपत्री. सील अगदी शाबूत आहे."

त्यांनी थैलीचा दोरा कापला आणि ती पालथी केली. टेबलावर बागेतली बारीक खडी पडली.

काकांनी हातातला पेला टेबलावर ठेवला.

"रोज घरी जाताना आपली सगळ्यांची अंगझडती होते," मोठ्या बाई म्हणाल्या. "तुम्हाला हिरे नेता येईनात. म्हणून ते न्यायला तुम्ही प्रवासी शोधलात. एकट्या म्हाताऱ्या बाईची बॅग, आत शिवणाचा डबा, मुठीला पत्ता. हिरव्या दाराने ती निघून जाणार, कोणी बघणार नाही. दोन दिवसांनी विमानतळाचा माणूस म्हणून कुणीतरी त्या पत्त्यावर जाणार, बॅग बदलली वाटतं म्हणून घेऊन येणार. सगळं बरोबर होतं. फक्त ही बाई तीन शर्ट दाखवायला लाल दारातून येईल, हे तुमच्या स्वप्नातही आलं नाही."

काका माझ्याकडे बघत होते. त्या प्रेमळ चेहऱ्यात काही बदललं नव्हतं, हेच मला जास्त भयंकर वाटलं. ज्या माणसाने मला पाणी पाजलं, त्याने माझ्याकडून माझ्या पोराचं नाव काढून घ्यायलाच ते पाजलं होतं. मी सांगून टाकलं असतं तर? बॅग गोदामात गेली असती, दोरा कापला गेला असता, आणि मी स्वतःच्या तोंडाने मुलाला दहा वर्षं आत पाठवलं असतं.

चार वाजता पोलिसांची गाडी आली, ती काकांना घेऊन गेली.

७

मुलाने एका ओळखीच्याची गाडी मागून आणली होती. बॅग मागे टाकली, मला पुढे बसवलं, पट्टा लावून दिला. रुंद, अनोळखी रस्ते. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

"हीच बॅग आण असं का म्हणालास?" मी विचारलं.

"तिला चाकं आहेत. तुझा खांदा दुखतो ना."

थोड्या वेळाने त्याने गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं, पण माझ्याकडे वळला नाही.

"तुला खरंच वाटलं मी ठेवले म्हणून?"

खोटं बोलायची इच्छा अनावर झाली. पण त्या दिवसाचा खोट्याचा कोटा मी संपवला होता. "वाटलं," मी म्हणाले. "चूक झाली बाळा. सहा वर्षं तुला पाहिलं नव्हतं रे."

मला वाटलं, आता हा कधीच माझ्याशी धड बोलणार नाही. मग तो म्हणाला, "त्या बाई म्हणाल्या ना, माझ्या मनात पाप नाही, म्हणून मी बॅग माझी म्हणून मोकळा झालो?"

"हो. शहाण्या आहेत त्या."

"त्यांचं चुकलं." त्याने स्टिअरिंगवरचे हात खाली घेतले. "बाहेर मला हमालाने सांगितलं, एका बाईच्या बॅगेच्या अस्तरातून हिरे निघाले. आत येऊन पाहिलं तर तू. अस्तर तुझ्याशिवाय कोण शिवणार? मला वाटलं, तूच आणलेस. माझ्या खोलीत नीट खिडकी नाही, असं मी एकदा फोनवर बोललो होतो. वाटलं, माझ्यासाठी कुणाच्या तरी नादी लागलीस. म्हणून मी पटकन बॅग माझी म्हणालो."

मी चिडून त्याच्याकडे वळले. या वयात मी हिरे चोरून आणीन? जिने गिऱ्हाइकाचं उरलेलं वीतभर कापडसुद्धा परत केलं, ती?

"माझ्याबद्दल तुला असं वाटलंच कसं?" मी ओरडले.

त्याने माझ्याकडे पाहिलं. माझा आवाज तोंडातल्या तोंडात विरला. मी त्याचा हात धरला, तो माझ्या हाताइतकाच थंड होता. आम्ही दोघं तसेच बसून राहिलो, आणि बाजूने लोकांच्या गाड्या जात राहिल्या.